ही जागा कोणाची?

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली, एन्टर दाबलं, पंचवीस-तीस ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी दोनच शब्द उरले: परमिशन डिनाइड. पायथॉनचं काही बसवत असाल तर त्यांच्या आधी ‘एररनो १३’ असं छापलेलं असतं. नोडचं काही बसवत असाल तर ‘ई-ॲक्सेस’ अशी खूण असते. दोन्हींचा उगम एकच. युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांत चुकांना क्रमांक दिलेले असतात आणि १३ हा क्रमांक ‘इथे हे करायची तुम्हाला परवानगी नाही’ या नकाराचा आहे. लिनक्स असो, मॅक असो की हातातला अँड्रॉइड फोन, हा क्रमांक बदलत नाही.

(या प्रकरणात आज्ञा आपण उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.)

या नकारावर दोन सल्ले कुठेही, कोणाकडूनही मिळतात. पहिला: तीच आज्ञा पुढे ‘सुडो’ लावून पुन्हा द्या. दुसरा: अडवणाऱ्या फोल्डरला ‘सीएचमॉड ७७७’ करून टाका. दोन्हींनी नकाराची अक्षरं बहुतेक वेळा जातात, म्हणूनच हे सल्ले इतके पसरले. माझं सांगणं वेगळं आहे. नकार आला की आपला अधिकार वाढवायचा नाही, आधी जागा बदलून बघायची. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

हे मी पालघर जिल्ह्यातल्या खोडाळ्यातला किंवा आसपासच्या पाड्यांवरचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. मुंबई-पुण्यात चुकीच्या सल्ल्याने लॅपटॉप बिघडला तर संध्याकाळपर्यंत नवी प्रणाली उतरवून घेता येते. मोखाडा तालुक्यात एका पाड्यावर रेंज असते, पुढच्या वळणावर ती जाते. पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो. उबुंटूच्या सध्याच्या आवृत्तीची फाइल ५ जीबीहून मोठी आहे. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर ती उतरवायला तीन-चार दिवस जातात. नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन कसाऱ्याला किंवा घोटीला कोणाकडे तरी जावं लागतं. जिथे दुरुस्ती महाग असते तिथे मुळात न बिघडवण्याचं ज्ञान सगळ्यांत आधी पोचायला हवं. प्रत्यक्षात ते सगळ्यांत शेवटी पोचतं.

आता नकार येतो कसा ते पाहू.

युनिक्स ही प्रणाली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. तेव्हा एकेक संगणक अनेक जण मिळून वापरत. त्यामुळे प्रत्येक फाइलवर तिच्या मालकाचं नाव आणि कोणी काय करायचं याची नोंद ठेवणं भाग होतं. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते. गट हा मधला वर्ग नंतर आला. प्रत्येक वर्गाला तीन वेगवेगळे हक्क देता येतात: वाचणं, लिहिणं आणि चालवणं. तीन वर्ग, प्रत्येकी तीन हक्क, एकूण नऊ खुणा. पन्नास वर्षांनंतरही तुमच्या लॅपटॉपमध्ये त्याच नऊ खुणा काम करत आहेत.

जव्हार-मोखाड्यातल्या माणसाला ही रचना शिकवावी लागत नाही, कारण वनहक्क कायद्याच्या दाव्यांत त्याने ती पाहिलेली असते. २००६ च्या या कायद्याखाली मिळालेला पट्टा कुटुंबाला कसता येतो, वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. म्हणजे जमीन ‘माझी’ असली तरी हक्क सुटे सुटे असतात. सामूहिक हक्काच्या जंगलातून गावाला गौण वनोपज गोळा करता येतं; गावाबाहेरच्याला तो हक्क नसतो. मालक, गट आणि इतर यांचं नातं नेमकं असंच आहे.

‘एलएस डॅश एल’ ही आज्ञा दिली की प्रत्येक फाइलसमोर या नऊ खुणा, मालकाचं नाव आणि गटाचं नाव दिसतं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे अंक धरून बेरीज करतात. मालकाला सगळं म्हणजे ७, गटाला आणि इतरांना वाचणं-चालवणं म्हणजे ५-५, म्हणून ७५५. बहुतेक प्रणाली-फोल्डरांवर हाच आकडा असतो. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरच्या कोणीही यावं, वाचावं, बदलावं, चालवावं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण अनुभवी माणसंही तिच्यात अडखळतात. एखाद्या फोल्डरात नवी फाइल तयार करता येईल की नाही, जुनी पुसता येईल की नाही, हे त्या फाइलच्या परवानगीवर ठरत नाही. ते फोल्डरच्या परवानगीवर ठरतं. फोल्डर म्हणजे नावांची यादी, आणि फाइल घालणं-काढणं म्हणजे त्या यादीत लिहिणं. प्रोग्रॅम बसवताना शेकडो नव्या फाइली कुठल्यातरी फोल्डरात ठेवायच्या असतात. म्हणून नकार जवळजवळ नेहमी फोल्डरच्या दारात मिळतो. नकाराच्या मजकुरात फोल्डरचा पूर्ण पत्ता छापलेला असतो, आणि घाईत नेमका तोच आपण वाचत नाही. पत्ता वाचा, ‘एलएस डॅश एल डी’ लावून त्या फोल्डरचा मालक बघा, ‘हू-ॲम-आय’ लिहून आपण कोण ते बघा. मालक रूट आणि तुम्ही साधे वापरकर्ते, एवढं कळलं की निदान झालं.

रूट म्हणजे ज्याला या नऊ खुणा जवळजवळ लागूच होत नाहीत असा एकमेव वापरकर्ता. साध्या वापरकर्त्याला गरजेपुरतं रूटचं काम करता यावं म्हणून ‘सुडो’ आला. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगेशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटायचा नाही आणि कोणाला कोणती आज्ञा चालवता येईल याची यादी ठेवायची, असा त्यामागे मर्यादेचा विचार होता. आज आपण तो अगदी उलट वापरतो: काही अडलं की सगळे अधिकार एकदम.

त्यातला धोका समजण्यासाठी एनपीएमचं उदाहरण घेऊ. नोडची पॅकेजेस बसवणारं हे साधन नुसत्या फाइली आणून ठेवत नाही. पॅकेजच्या लेखकाने सांगितलं असेल तर बसवताना त्याचे छोटे प्रोग्रॅमही चालवतं. तुम्ही साध्या खात्याने बसवलंत तर ते प्रोग्रॅम तुमच्या अधिकारात चालतात. ‘सुडो’ लावलं की ज्याला तुम्ही ओळखत नाही अशा माणसाच्या कोडला सगळ्या यंत्राची मुभा मिळू शकते. जुलै २०१८ मध्ये ‘ईएसलिंट-स्कोप’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅकेजची एक आवृत्ती चोरलेल्या खात्यातून प्रसिद्ध झाली. ती बसवताच वापरकर्त्याची एनपीएमची गुप्त किल्ली बाहेर पाठवायची. तिथे नुकसान किल्लीपुरतं राहिलं. अशा कोडच्या हाती रूटचे अधिकार पडले असते तर कुठे थांबलं असतं?

आणि दुष्ट हेतूच हवा असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएमच्या ५.७.० या आवृत्तीत एक साधी चूक राहिली. साध्या खात्यातून ‘सुडो’ लावून एनपीएम चालवलं की ते ईटीसी, यूएसआर, बूट अशा मूळ फोल्डरांची मालकीच बदलून टाकायचं. अनेकांची यंत्रं निकामी झाली आणि घाईने ५.७.१ काढावी लागली. ‘सुडो’शिवाय चालवणाऱ्याच्या यंत्राला त्या चुकीने धक्काही लागला नाही, कारण त्या फोल्डरांची मालकी बदलण्याचा अधिकार त्याच्या एनपीएमकडे नव्हताच. नकार देणाऱ्या व्यवस्थेने त्याचं यंत्र वाचवलं.

‘सुडो’चा दुसरा त्रास हळूहळू कळतो. मॅकवर आणि जुन्या उबुंटूवर ‘सुडो’ने एनपीएम चालवलं की तुमच्याच घरातल्या, म्हणजे ‘होम’ फोल्डरातल्या, लपलेल्या साठवणीच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली पडतात. पुढच्या वेळी ‘सुडो’शिवाय काही बसवायला जावं तर स्वतःच्या घरातच नकार मिळतो. मग माणसाला वाटतं की ‘सुडो’शिवाय चालतच नाही. एका वापराने दुसरा वापर भाग पाडला जातो. यावर उपाय म्हणजे एकदाच, विचारपूर्वक ‘सुडो सीएचओन’ चालवून आपल्या घरातल्या त्या फोल्डरची मालकी परत आपल्या नावावर करणं. इथे ‘सुडो’ योग्य आहे, कारण आपलंच आपण परत घेतो आहोत. पण पत्ता दोनदा वाचा. आज्ञेच्या शेवटी चुकून नुसती तिरकी रेघ राहिली तर सगळ्या यंत्राची मालकी बदलेल.

७७७ बद्दल थोडक्यात सांगतो. यूएसआर फोल्डरवर खालपर्यंत ‘सीएचमॉड ७७७’ चालवलं की ‘सुडो’ हा प्रोग्रॅम स्वतःच मरतो. साध्या माणसाने चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालावा, अशी एक खास खूण त्याच्यावर असते. ही कल्पना रिची यांची, आणि तिचं पेटंट १९७९ मध्ये मिळालं. ७७७ लिहिताच ती खूण पुसली जाते आणि मग दुरुस्तीसाठी लागणारं हत्यारच हातातून गेलेलं असतं. घराच्या फोल्डरवर ७७७ केलं तर दूरच्या यंत्राशी जोडणारं एसएसएच तुमच्या किल्ल्या वापरायला नकार देतं. हा उपाय नाहीच.

मग करायचं काय? आपल्या घरात बसवायचं. लिनक्सवर प्रत्येक वापरकर्त्याला ‘होम’खाली स्वतःचं फोल्डर असतं, त्याचे तुम्ही मालक असता आणि तिथे कोणी अडवत नाही. प्रत्येक साधनाला तिथे वळवण्याची सोय आहे.

पायथॉनसाठी ‘व्हेन्व्ह’ वापरा. २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ पासून ते भाषेचाच भाग आहे. प्रत्येक कामासाठी एक वेगळं फोल्डर तयार होतं आणि ‘पिप’ने आणलेलं सगळं त्याच्या आतच राहतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तर बाहेर बसवायला गेलं की पिप स्वतःच थांबतं आणि हा पायथॉन प्रणालीच्या ताब्यात आहे असं सांगतं. हा नकार १३ क्रमांकाचा नाही; मुद्दाम लावलेली पाटी आहे, कारण उबुंटू-डेबियनमधले कितीतरी प्रोग्रॅम त्याच पायथॉनवर उभे असतात. ती पाटी ओलांडायचा एक पर्यायही असतो. तो वापरू नका. डेबियन-उबुंटूवर व्हेन्व्हचं पॅकेज ‘सुडो एपीटी’ने एकदा वेगळं बसवावं लागतं, तेवढं रेंज असताना करून ठेवा. हा ‘सुडो’चा रास्त वापर आहे: प्रणालीच्या स्वतःच्या, सही तपासलेल्या भांडारातून प्रणालीत भर घालणं. पायथॉनमध्ये लिहिलेला एखादा तयार आज्ञा-प्रोग्रॅम हवा असेल तर ‘पिपएक्स’ हेच काम आपोआप करतो.

नोडसाठी ‘एनव्हीएम’ बसवा. ते नोडला तुमच्याच घरात आणतं, त्यामुळे प्रश्न मुळातून सुटतो. किंवा ‘एनपीएम कॉन्फिग सेट प्रीफिक्स’ देऊन आपल्या घरातलं फोल्डर नेमून द्या आणि त्यातल्या ‘बिन’चा पत्ता ‘पाथ’मध्ये, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत, घाला. पाथमध्ये घालायला विसरलात तर बसवलेली आज्ञा सापडतच नाही असा निरोप येतो. तो परवानगीचा प्रश्न नाही. तिथे ‘सुडो’ने काही साधणार नाही.

मॅकवर प्रोग्रॅम बसवणारं होमब्रू हे साधन ‘सुडो’ लावून चालवायला गेलात तर ते सरळ नकार देतं, आणि बरोबर करतं. २०१५ च्या एल कॅपिटनपासून ॲपलने यूएसआरसारखी फोल्डरं बदलणं रूटलाही बंद केलं आहे. तिथे १३ ऐवजी १ क्रमांकाची चूक येते, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: १३ आला तर मालक आणि खुणा तपासा, १ आला तर प्रणालीने किंवा डिस्कच्या जातीने ते कृत्यच अडवलेलं असण्याची शक्यता जास्त.

डिस्कची जात हा खोडाळ्यात रोज भेटणारा विषय आहे, कारण इथे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतं. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. या पद्धतींत मालक, गट आणि त्या नऊ खुणा लिहून ठेवायला जागाच नाही. फॅट३२ च्या पेनड्राइव्हवर ठेवलेली स्क्रिप्ट उबुंटूवर थेट चालवायला जावं तर परमिशन डिनाइड येतं. सीएचमॉड केलं तर ती आज्ञा गप्प राहते आणि काहीच बदलत नाही. माणूस तासन्‌तास तिथे डोकं फोडतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: फाइल आपल्या घराच्या फोल्डरात कॉपी करा, मग ‘सीएचमॉड प्लस एक्स’ करा. एक्सफॅटवर व्हेन्व्ह तयार करू गेलात तर क्रमांक १ ची चूक येते, कारण व्हेन्व्हला फाइलचे दुवे लागतात आणि ते तिथे ठेवता येत नाहीत. फाइली पेनड्राइव्हवरून आणा, पण काम त्याच्यावर करू नका.

आपल्याकडच्या अनेक मुलांच्या हाती लॅपटॉपच्या कितीतरी आधी फोन येतो. त्यावर ‘टर्मक्स’ घातलं की खरंखुरं टर्मिनल मिळतं, आणि शिकायला ते उत्तम आहे. तिथे ‘हू-ॲम-आय’ विचारलं की एक विचित्र नाव येतं. अँड्रॉइड लिनक्सवरच उभं आहे आणि ते प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानतं. तुमच्या फोनमधलं टर्मक्स आणि कॅमेरा यांना एकमेकांच्या खासगी फोल्डरात शिरता येत नाही, कारण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं आहेत. टर्मक्सच्या स्वतःच्या जागेत ‘पीकेजी’ने काहीही बसवा, रूट लागत नाही. मात्र डाउनलोड फोल्डरातून थेट स्क्रिप्ट चालणार नाही. इथेही ती आधी घरात आणावी लागते.

प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःच्या जागेत ठेवण्याचा हा विचार महाराष्ट्रातल्या एका पाड्यावर अँड्रॉइडच्याही आधी येऊन गेला आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले; भारतातला तो या योजनेचा पहिला प्रयोग. ते लॅपटॉप लिनक्सवर चालत. त्यांच्यासाठी इव्हान क्रस्टिच यांनी ‘बिटफ्रॉस्ट’ नावाची सुरक्षेची रचना मांडली होती. मूल अजून वाचायलाही शिकलेलं नसेल, मग त्याला ‘परवानगी देऊ का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, हे तिचं गृहीतक. म्हणून पासवर्ड नको, इशारे नकोत. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कप्प्यात चालवायचा, म्हणजे एक बिघडला तरी बाकीचे सुरक्षित. ती रचना पूर्णपणे उतरली नाही. पण पाड्यावरच्या मुलाला केंद्रस्थानी ठेवून सुरक्षेचा इतका मूलभूत विचार करणारी माणसं होती, याचं मला मोल वाटतं.

शाळा-कॉलेजातल्या विंडोज प्रयोगशाळेत ॲडमिनचा पासवर्ड विद्यार्थ्याकडे नसतो, आणि नसावाच. तरी अडत नाही. व्हीएस कोडची ‘यूजर इन्स्टॉलर’ ही आवृत्ती आणि फक्त स्वतःच्या खात्यापुरता बसवलेला पायथॉन ही दोन्ही तुमच्याच खात्याच्या फोल्डरात बसतात. पॉवरशेलमध्ये एनपीएम चालवताना ‘स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ असा निरोप आला तर ती धोरणाची अडचण आहे, फाइलची नव्हे. कमांड प्रॉम्प्टची साधी खिडकी उघडा, एनपीएम तिथे चालतं.

लिनक्सची सुरुवात करायची असेल तर मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प शिक्षकाशिवाय शिकणाऱ्यासाठीच आखलेला आहे. रेंज असलेल्या जागी पाठ एकदा उतरवून घ्या, मग पाड्यावर पुन्हा पुन्हा बघता येतील.

जव्हार, मोखाडा, खोडाळा इथल्या शाळांत संगणक बसवणाऱ्या शिक्षकांना आणि संस्थांना मात्र एक विनंती आहे. सगळ्या वर्गासाठी ‘स्टुडंट’ नावाचं एकच खातं ठेवून त्यालाच ॲडमिन करू नका. लिनक्सवर नवं खातं काढायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. प्रत्येक मुलीला, प्रत्येक मुलाला स्वतःच्या नावाचं वेगळं खातं द्या. यंत्र सगळ्यांचं राहील, त्यातलं एक फोल्डर तिचं किंवा त्याचं असेल, आणि तिथे काहीही बसवून बघायला, मोडायला आणि पुन्हा बसवायला कोणाची परवानगी लागणार नाही.